१०.०.२.१५ : एका पत्त्याचा इतिहास

भारतातल्या कुठल्याही अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयाच्या वसतिगृहात हे दृश्य दिसते. लॅपटॉपवर विंडोज चालू असते, त्या विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्स, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आत लिनक्सचा एक आभासी संगणक. या आभासी संगणकाला त्याचा नेटवर्कवरचा पत्ता विचारला, तर मूळ मांडणीत कुणी हात घातलेला नसल्यास, उत्तर ठरलेले असते : १०.०.२.१५. गुवाहाटीत तेच, तिरुवनंतपुरममध्येही तेच. एका खोलीतल्या दोन मित्रांच्या आभासी संगणकांचा पत्ता एकच, आणि तरी दोघांचेही काम बिनतक्रार चाललेले असते. प्रत्येक संगणकाचा पत्ता वेगळा असला पाहिजे, हा इंटरनेटचा पहिला धडा घोकलेल्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटायला हवे. बहुधा वाटत नाही, कारण पत्त्याकडे लक्ष जाते ते जाळे बंद पडल्यावर, आणि त्या वेळी नवल करायला सवड नसते.

हा पत्ता कोठून आला, त्याच्यामागे कोणाच्या कोणत्या गरजा होत्या, हे शोधू लागलो की आभासी संगणकातल्या नेटवर्कच्या बहुतेक दुखण्यांची कुळकथा हाती लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. विषय वरवर कोरडा आणि तांत्रिक वाटेल; पण त्याच्याशी बांधलेली गोष्ट लहान नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्न या संस्थेने लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील प्रयोगांचा विदा सर्वांसाठी खुला केला. त्यांतील सीएमएस प्रयोगाच्या विद्याबरोबर एक तयार आभासी संगणकही दिला होता, कारण २०१० सालच्या मापनांचे विश्लेषण करणारी आज्ञावली त्या काळच्या लिनक्सवरच नीट चालते. एप्रिल २०१६ मध्ये आणखी ३०० टेराबाइटहून अधिक विदा आला. सीएमएसमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह अनेक भारतीय संस्था सहभागी आहेत. पण या खुल्या विद्यासाठी कोणत्याही संस्थेचे सदस्यत्व लागत नाही. जळगावच्या किंवा जोरहाटच्या एखाद्या पदवीच्या विद्यार्थ्याला खऱ्या टकरींचा अभ्यास घरबसल्या करता येतो. मात्र त्या आभासी संगणकात विश्लेषणाची आज्ञावली आयती भरलेली नसते. ती लागेल तशी नेटवर्कवरून ओढून घेतली जाते. म्हणजे आतले जाळे बंद, तर सगळेच दार बंद. विद्यार्थी दोन रात्री झगडतो आणि ‘आपल्याला हे जमण्यातले नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हा निष्कर्ष चुकीचा असतो, आणि तो एका चुकीच्या निदानावर उभा असतो.

प्रथम आभासी संगणकाचे मूळ पाहू. ही कल्पना लॅपटॉपच्या युगातली नाही. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमचे एक वैज्ञानिक केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी आणि लेस कॉमो यांच्या पुढाकाराने सीपी-४० ही प्रणाली तयार झाली आणि १९६७ च्या जानेवारीत ती नित्य वापरात आली. एका सिस्टम/३६० यंत्रावर, त्यात काही फेरफार करून, १४ स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण केला जाई. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे की संपूर्ण यंत्र आपलेच आहे. पुढे सीपी-६७ आली, आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झाली.

या यंत्रांची सगळी थोरवी त्यांच्या एकमेकांपासून तुटलेपणात होती. एकाचा बिघाड दुसऱ्याला लागू नये, हाच तर उद्देश. मग अशा दोन एकलकोंड्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे कसे? यावरचा तोडगा आजही वाचताना हसू आणतो. प्रत्येक आभासी यंत्राला खऱ्या यंत्राप्रमाणे आभासी कार्डवाचक आणि आभासी कार्डछिद्रक होता. एका यंत्राने आपली माहिती आभासी कार्डांवर छिद्रांच्या रूपाने पाडायची, आणि नियंत्रक प्रणालीने कार्डांचा तो गठ्ठा दुसऱ्या यंत्राच्या आभासी वाचकात नेऊन ठेवायचा. प्रत्यक्षात एकही कार्ड कोठे हलत नसे. दूरच्या यंत्रांशी पत्रव्यवहार करण्याचे काम मग एका वेगळ्या आभासी यंत्रावर सोपवले गेले. एडसन हेंड्रिक्स यांच्या कामातून उभी राहिलेली आरएससीएस ही ती प्रणाली. पुढे तिच्यावरच आयबीएमचे अंतर्गत जाळे वाढले आणि १९८१ मध्ये सुरू झालेले विद्यापीठांचे बिटनेटही.

या कार्डछिद्रकात एक तत्त्व दडलेले आहे. आभासी यंत्राला बाहेरचे जग थेट दिसत नाही. त्याला दिसते एका ओळखीच्या उपकरणाची नक्कल, आणि त्या नकलेच्या पलीकडे कोणीतरी मध्यस्थ काम करत असतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पुढच्याच वर्षी साध्या घरगुती संगणकावर आभासी संगणक चालवून दाखवला, तेव्हा त्याच्या पोटात एएमडी कंपनीच्या पीसीनेट या जुन्या नेटवर्क कार्डाची नक्कल होती. कारण इतकेच की ते कार्ड ओळखणारी आज्ञावली जवळपास प्रत्येक कार्यप्रणालीत आधीच होती. आजही व्हर्च्युअलबॉक्समधला लिनक्स ‘इंटेलचे गिगाबिट कार्ड सापडले’ असे ठासून सांगतो, आणि त्याच वेळी ज्या लॅपटॉपवर तो चालला आहे त्याला केबल लावायचे भोकदेखील नसते. आतून ‘केबल जोडलेली आहे’ असे दिसणे म्हणूनच फारसे काही सिद्ध करत नाही. ती केबल म्हणजे स्मृतीतला एक बिट आहे.

आता पत्त्याकडे वळू. १०.०.२.१५ यातील पहिला आकडा, १०, हा एके काळी आर्पानेटचा होता. इंटरनेटच्या आद्य जाळ्याला दिलेला हा क्रमांक. १९९० मध्ये आर्पानेट बंद झाले आणि १० हा क्रमांक ओस पडला. तोवर पत्ते अपुरे पडू लागल्याची चिंता सुरू झालीच होती. मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ या दस्तऐवजाने आणि पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने १० ने सुरू होणारे सर्व पत्ते खासगी वापरासाठी मोकळे केले. कोणीही घरात वापरावेत, बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. ज्या आकड्याने इंटरनेटची सुरुवात झाली, तो आकडा आता इंटरनेटवर कोठेच जाऊ शकत नाही. दरम्यान मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ ने पत्ते बदलून देण्याची युक्ती मांडली. आतला खासगी पत्ता उंबरठ्यावर काढून ठेवायचा आणि बाहेरचा सार्वजनिक पत्ता चढवायचा. यालाच नॅट म्हणतात.

उरलेल्या आकड्यांची कथा ऑस्ट्रेलियातील कॅनबेराची आहे, आणि ती भारतीय वाचकाला परकी वाटू नये. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना परवडण्यासारखे होते ते ‘शेल अकाउंट’. टेलिफोनवरून निगमाच्या संगणकात शिरायचे आणि तेथे बसून अक्षरे वाचायची. चित्र नाही, माउस नाही. वेबपाने लिंक्समध्ये आणि टपाल पाइनमध्ये. आपला घरचा संगणक इंटरनेटवर नसेच. इंटरनेटवर असे तो निगमाचा संगणक, आपण फक्त त्याच्या खिडकीत डोकावत असू. जगभर विद्यापीठांतून अशीच खाती दिली जात. डॅनी गॅस्परोव्हस्की यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून स्लर्प नावाची आज्ञावली लिहिली. शेल अकाउंटवर ती चालवायची, म्हणजे टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाचा आपला संगणक जणू थेट इंटरनेटला जोडल्यासारखा वागू लागे. त्या घरच्या संगणकाने स्वतःसाठी घ्यायचा पत्ता होता १०.०.२.१५.

स्लर्पची खरी करामत अशी की तिला त्या सामाईक संगणकावर कोणतेही विशेषाधिकार लागत नसत. सामान्य खातेदार जे करू शकतो तेवढेच ती करी. टपाल कचेरीबाहेर बसणारा एखादा लेखनिक कल्पावा. तो तुमचे पाकीट पुढे पाठवत नाही. ते फोडतो, वाचतो, आणि तोच मजकूर स्वतःच्या नावाने नव्या पाकिटात घालून रवाना करतो. उत्तर आले की तसेच उलट. स्लर्प घरच्या संगणकाचे टीसीपी संभाषण आपल्यापाशीच संपवी आणि बाहेर नवे, स्वतःचे संभाषण उघडी. पुढे फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूईएमयू प्रसिद्ध केले, तेव्हा आभासी संगणकाची अडचण अगदी हीच होती : प्रशासकाचा अधिकार नसताना पाहुण्या यंत्राला बाहेरचे जग कसे दाखवायचे? स्लर्प आयती हाताशी होती. टेलिफोनची तार गेली, तिच्या जागी आभासी कार्ड आले; पत्ता तोच राहिला. व्हर्च्युअलबॉक्सचे नॅटही याच घराण्यातले. दार १०.०.२.२ वर आणि नावे शोधून देणारा १०.०.२.३ वर, हेही त्याच वारशातले.

आता या वारशाचा दोष पाहू, कारण विद्यार्थ्यांच्या रात्री येथेच वाया जातात.

जाळे चालते का हे पाहण्यासाठी आपण सारे एकच शब्द टंकतो : पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते एका संध्याकाळीत लिहिले. त्यांच्या जाळ्यात काहीतरी विचित्र घडत होते आणि ते शोधायला साधन नव्हते. पाणबुडीच्या सोनारप्रमाणे हाक द्यायची आणि प्रतिध्वनीची वेळ मोजायची. नावही त्या आवाजावरून ठेवले. पण असा प्रतिध्वनी मागणारा संदेश टीसीपीचा नसतो, यूडीपीचाही नसतो. तो आयसीएमपी नावाच्या, जाळ्याच्या घरगुती निरोपांसाठी १९८१ मध्ये आखलेल्या नियमावलीतला असतो. तो थेट घडवायला युनिक्समध्ये प्रशासकाचा अधिकार लागे.

आणि स्लर्पचा सगळा डौल तर असा अधिकार नसण्यात होता! मग आतल्या संगणकाने पिंग केले तर लेखनिकाने काय करावे? गॅस्परोव्हस्की यांनी काढलेली पळवाट अशी : पिंग आले की त्याच्या जागी समोरच्या यंत्राच्या यूडीपी क्रमांक ७ च्या दारावर एक पॅकेट पाठवायचे. ते दार त्या काळी ‘इको’ सेवेचे होते. जे येईल ते जसेच्या तसे परत करणे एवढेच तिचे काम. परत आले की आतल्या संगणकाला पिंगचे उत्तर म्हणून द्यायचे. युक्ती फार सुंदर, पण तिचे आयुष्य थोडे ठरले. अशी दोन दारे एकमेकांवर सोडून दिली तर ती अखंड एकमेकांना उत्तरे देत बसतात, हे हल्लेखोरांच्या लक्षात आले. १९९६ पासून सुरक्षेच्या सूचना निघाल्या आणि जगभर क्रमांक ७ ची दारे बंद झाली. स्लर्पचा सोनार मुका झाला. वेबपाने येत, टपाल जाई, पिंग मात्र निरुत्तर.

२०११ मध्ये लिनक्स कर्नलने सामान्य खातेदारालाही मर्यादित स्वरूपात पिंग पाठवण्याची सोय केली आणि क्यूईएमयूने तिचा उपयोग करून घेतला. पण ही परवानगी मूळ कर्नलमध्ये कोणालाच दिलेली नसते. कोणत्या गटांना ती असावी हे एका मांडणीवरून ठरते. काही लिनक्स वितरणे ती खुली करतात, काही करत नाहीत. म्हणून एकाच आभासी संगणकातून एका यजमानावर पिंग चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. व्हर्च्युअलबॉक्सने आपल्या नॅटमध्ये पिंगची सोय फार पूर्वीच सुधारली. तरी मार्गातील टप्पे दाखवणारे ट्रेसराउट तेथे आजही भरवशाचे नाही.

प्रायोगिक भौतिकीत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले जाते की संवेदकाने शून्य नोंदवले, याचा अर्थ कण आला नाही असा होत नाही. संवेदक त्या कणाला आंधळाही असू शकतो. आधी त्याची कार्यक्षमता मोजा, मग शून्याचा अर्थ लावा. हीच शिस्त येथे लागते. पिंग निरुत्तर राहिले म्हणजे जाळे बंद, हे अनुमान १९८३ च्या प्रयोगशाळेत योग्य होते. स्लर्पच्या पोटात ते योग्य नाही. तेथे आधी पाहावे १०.०.२.२ चे दार हाकेला ओ देते का, कारण ते उत्तर स्लर्प स्वतःच देते, बाहेर न जाता. मग एखाद्या ठाऊक पत्त्यावर टीसीपीने जोडणी होते का पाहावे, तीही प्रथम आकड्यांच्या पत्त्यावर आणि नंतर नावाने. आकड्यांनी जमले आणि नावाने नाही, तर शोध १०.०.२.३ पाशी येऊन थांबतो. या क्रमाला पाच मिनिटे लागतात. कार्यप्रणाली पुसून पुन्हा बसवायला संध्याकाळ लागते, आणि बहुतेक जण तेच करतात. फायरवॉल बंद करून ‘आता चालतेय का’ पाहणे ही तर आपल्याकडची राष्ट्रीय सवयच झाली आहे.

आपल्याकडची म्हणताना भारतीय जाळ्यांच्या घडणीचा थोडा विचार केला पाहिजे. पिंग लिहिले गेले तेव्हा आपल्याकडे असे जाळे नव्हते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने एर्नेट सुरू केले. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीत खुद्द विभाग असे आठ सहभागी. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतूनच १९८९ मध्ये अमेरिकेशी पहिली कायमची जोडणी झाली, सेकंदाला ९.६ किलोबिटची. ती पुढे ६४ किलोबिट झाली. इतक्या अरुंद वाटेवरून साऱ्या देशाच्या संशोधकांनी ये-जा करायची, तर एकाने आणलेले पान दुसऱ्याने पुन्हा का आणावे? म्हणून प्रॉक्सी. प्रत्येक संस्थेच्या वेशीवर एक प्रॉक्सी बसला आणि एकदा आणलेली पाने साठवू लागला. मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली, पुढे वाटा गिगाबिटच्या झाल्या. पण अनेक आवारांतले प्रॉक्सी जागचे हलले नाहीत. माझ्या मते टंचाईच्या काळातली सोय नियंत्रणाच्या सोयीत कधी बदलली, हे आपण नीट पाहिलेच नाही.

आभासी संगणकाला याची झळ अशी बसते. यजमान विंडोजला प्रॉक्सीचा पत्ता ठाऊक असतो, म्हणून ब्राउझर चालतो. आतल्या लिनक्सला तो कोणी सांगितलेला नसतो. आतून टाकलेले पॅकेट नॅट ओलांडते, संस्थेच्या वेशीपर्यंत जाते आणि तेथे मुकाट मरते. सीएमएसचा खुला विदा वापरणारी आज्ञावलीदेखील साध्या एचटीटीपीवरूनच येते, म्हणजे प्रॉक्सीमधून येऊ शकते. पण प्रॉक्सीचे नाव त्या यंत्रणेच्या स्वतःच्या मांडणीत लिहावे लागते, ब्राउझरमध्ये लिहून भागत नाही. यात आणखी एक गंमत. कित्येक जण यजमानावरच एखादा स्थानिक प्रॉक्सी चालवतात आणि त्याचा पत्ता १२७.०.०.१ असा आतही लिहितात. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. पण ‘मी’ या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो. पाहुण्याने तो उच्चारला की तो स्वतःकडेच पाहतो. यजमान हवा असेल, तर १०.०.२.२ म्हणावे.

नॅटला कंटाळून विद्यार्थी ‘ब्रिज’ निवडतात, म्हणजे आभासी कार्ड थेट आवाराच्या जाळ्यावर उभे करतात. घरी हे बहुधा जमते. संस्थेत प्रत्येक कार्डाचा हार्डवेअर पत्ता नोंदवून घेतलेला असेल, तर एकाच भोकातून दोन पत्ते दिसताच स्विच ते भोक बंद करतो आणि यजमानाचेही जाळे जाते. वाय-फायवर तर अडचण प्रमाणातच कोरलेली आहे : वाय-फायच्या नेहमीच्या चौकटीत केंद्राकडे पाठवणाऱ्याचा एकच पत्ता मावतो, आणि त्याच्या पाठीशी दुसरे यंत्र लपले असेल हे गृहीत धरलेले नाही. काही आभासी प्रणाली पत्ते परस्पर बदलून हे निभावतात, काही निभावत नाहीत. शिवाय संस्थेचे अंतर्गत जाळे १० ने सुरू होत असेल आणि ग्रंथालयाचा सर्व्हर नेमका १०.०.२ च्या वस्तीत असेल, तर नॅटमधल्या पाहुण्याला तो कधीच सापडत नाही, कारण पाहुणा त्याला स्वतःच्याच अंगणात शोधत राहतो.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात दुखण्याचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. आमच्या गटातील एका संशोधक विद्यार्थिनीला एका संस्थेच्या खासगी मेघावर आभासी संगणक मिळाला होता. पिंग चाले, नावे सापडत, छोटी वेबपाने येत. मात्र दुसऱ्या यंत्रावर एसएसएचने शिरायला गेले की सुरुवातीची ओळखपाळख होई आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी सारे थिजे. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. तिला मिळालेला सल्ला नेहमीचाच होता : नवे यंत्र घ्या, किल्ल्या पुन्हा बनवा, तेथील प्रशासकाला लिहा. तीन दिवस गेले. प्रबंधाच्या एका प्रकरणाचा विदा पलीकडच्या यंत्रावर होता.

उत्तर पिंगनेच दिले, पण वेगळ्या पद्धतीने विचारल्यावर. इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइटांची मर्यादा असते. त्यातले २८ बाइट शीर्षकांत जातात, म्हणून तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटांचे पिंग पाठवले तर ते अगदी काठोकाठ भरते. ते गेले नाही. आकार कमी करत आणले. १४२२ ला गेले, १४२३ ला नाही. फरक बरोबर ५०. हा आकडा पाहिला की संशयित ओळखता येतो. मेघांमध्ये एका भाडेकरूचे जाळे दुसऱ्यापासून वेगळे ठेवण्यासाठी पॅकेटला दुसऱ्या पॅकेटात गुंडाळतात. व्हीएक्सलॅन या पद्धतीत, जी २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ म्हणून नोंदली गेली, या वेष्टणाचे वजन ५० बाइट भरते : आतल्या इथरनेट शीर्षकाचे १४, व्हीएक्सलॅनचे ८, यूडीपीचे ८, आयपीचे २०. पाहुण्या यंत्राला वाटे आपल्याकडे १५०० आहेत. वेष्टणानंतर खरे उरत १४५०. छोटी पॅकेटे बिनबोभाट जात, किल्ल्यांचे जाडजूड पॅकेट वाटेत गळे. आतल्या कार्डाची मर्यादा १४५० केली, आणि एसएसएच त्याच क्षणी सुरू झाले.

असे पॅकेट अडले की अडवणाऱ्या राउटरने ‘फार मोठे आहे, लहान करा’ असा आयसीएमपी निरोप परत पाठवावा, ही व्यवस्था जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी नोव्हेंबर १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये घालून दिली आहे. मग निरोप का आला नाही? येथे गळती स्विचच्या पातळीवर होती, आणि स्विचला असे निरोप पाठवण्याचा मुळी हक्कच नाही. इतरत्र बहुधा कारण निराळे असते. १९९६ ते १९९८ च्या सुमारास आयसीएमपीचा गैरवापर करणारे काही हल्ले गाजले, आणि जगभरच्या प्रशासकांनी ‘आयसीएमपी सरसकट बंद’ असा नियम लिहून टाकला. हल्ल्यांवरचे उपाय पुढे झाले. नियम तसाच राहिला. सप्टेंबर २००० मध्ये आरएफसी २९२३ ने या कृष्णविवरांची रीतसर नोंद केली. त्यांना ‘कृष्णविवर’ हेच नाव आहे, आणि आम्हा भौतिकीवाल्यांना ते फार नेमके वाटते : आत गेलेले परत येत नाही आणि गेल्याची वार्ताही येत नाही.

साधनांच्या इतिहासातले आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पाहिले की प्रयोगशाळा आणि जवळचेच विद्यापीठ यांमधला, जेमतेम ४०० यार्डांवरचा प्रवाह सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटांवर कोसळला आहे. या कोड्याच्या मागे लागून त्यांनी टीसीपीला गर्दीत वागण्याची रीत शिकवली, आणि त्याच सुमारास ट्रेसराउट व सहकाऱ्यांसह टीसीपीडम्प ही साधने दिली. तारेवरून प्रत्यक्ष काय जाते ते टीसीपीडम्प दाखवते. अंदाज संपले, की पुरावा तेथे मिळतो.

पण आभासी संगणकात हा साक्षीदारही जपून तपासावा लागतो. काही वर्षांपूर्वी लिनक्सच्या आभासी यंत्रांत एक बिघाड वारंवार दिसे. पाहुणा चालू होताच पत्ता मागे. यजमान पत्ता देई. टीसीपीडम्पमध्ये उत्तर आलेले स्पष्ट दिसे. आणि तरी पाहुणा १६९.२५४ ने सुरू होणारा, स्वतःच ठरवलेला निरुपयोगी पत्ता घेऊन बसे. कारण हिशेबाचे होते. पॅकेट बिनचूक पोहोचले हे पडताळण्यासाठी त्यात एक बेरीज लिहिलेली असते. ती करण्याचे काम कर्नल नेटवर्क कार्डावर सोपवतो, वेळ वाचावा म्हणून. एकाच संगणकाच्या पोटातल्या दोन यंत्रांमध्ये खरे कार्ड लागतच नाही, तेव्हा बेरीज कोणीच करत नाही. दोन्ही कर्नलांना हे माहीत असल्याने बिघडतही नाही. पत्ता मागणारी जुनी आज्ञावली मात्र पॅकेट कच्च्या रूपात वाचे, बेरीज स्वतः तपासे आणि चुकीची म्हणून उत्तर फेकून देई. २०१० मध्ये लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ही बेरीज भरून देणारा एक खास नियमच घालावा लागला. टीसीपीडम्पमध्ये बेरीज चुकलेली दिसली की विद्यार्थी केबलला दोष देतात. पाठवणाऱ्या यंत्रावरच पाहत असाल, तर ती तशी दिसणे स्वाभाविक आहे.

घड्याळाचे प्रकरण थोडक्यात. लॅपटॉप मिटला की आभासी संगणक गोठतो, आणि जागा झाल्यावर त्याचे घड्याळ कधी कधी मागे राहते. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे ऐकू येते, आणि केर्बेरॉस तर सहसा पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. संदेश जोडणी नाकारल्याचा असतो, म्हणून शोध नेटवर्कचा सुरू होतो. आधी दिनांक विचारावा.

स्लर्पचे आयुष्य अजून संपलेले नाही. विशेषाधिकारांशिवाय चालणाऱ्या कंटेनरांमध्येही ती बरीच वर्षे वापरली गेली. आता तिची जागा पास्ट आणि पास्ता ही नवी जोडी घेऊ लागली आहे. २०२४ मध्ये पॉडमॅनच्या पाचव्या आवृत्तीने अशा कंटेनरांसाठी पास्ताच मूळ निवड केली. या व्यवस्थेत १०.०.२.१५ दिसत नाही. यजमानाचा जो पत्ता, तोच पाहुण्यालाही मिळतो, आणि पत्ते बदलण्याची कसरत पुष्कळशी टळते. पिंगसाठी मात्र तिलाही कर्नलच्या त्याच २०११ च्या परवानगीवर विसंबावे लागते. ती परवानगी नसेल, तर आतून दिलेली हाक आजही निरुत्तर राहते, आणि वेबपाने येत राहतात.